ढीग आणि माणूस : संचयविकाराच्या चित्रणातील करुणेचा प्रश्न

प्रास्ताविक

मराठीत ‘साठा’ या शब्दापासून निघणारी वाट थेट व्यापाऱ्याच्या गोदामाकडे जाते. तेथे ‘साठेबाज’ उभा असतो. टंचाईच्या काळात धान्य, साखर, रॉकेल दडवून ठेवणारा हा माणूस जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ अन्वये शिक्षेस पात्र ठरतो आणि जनमानसात तर त्याहून आधीच ठरलेला असतो. दुसरा शब्द ‘अडगळ’. तो घरगुती, निरुपद्रवी, काहीसा प्रेमळही आहे. भालचंद्र नेमाडे यांनी ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीच्या शीर्षकात त्याला ‘समृद्ध’ हे विशेषण लावले आणि माळ्यावरच्या एका शब्दाला संस्कृतिचिंतनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. तिसरा शब्द ‘कवडीचुंबक’. मोलियरच्या ‘द मायझर’वरून आचार्य अत्रे यांनी रचलेल्या नाटकामुळे तो रंगभूमीवर हास्याचा विषय म्हणून स्थिरावला.

या तीन शब्दांच्या मधल्या जागेत एक मनुष्य उभा आहे, ज्याला मराठीने अद्याप स्वतंत्र नाव दिलेले नाही. तो नफ्यासाठी साठवत नाही. त्याच्या साठ्याला बाजारभाव नसतो. तो कंजूष असेलच असे नाही. पुष्कळदा वस्तू विकत घेण्यात तो पैसा उधळतो. त्याच्या घरातील अडगळ माळ्यावर राहत नाही. ती खाली उतरते, पलंग व्यापते, चुलीवर चढते, दार अडवते. जुने वर्तमानपत्र, रिकामी बाटली, तुटका पंखा यांपैकी काहीही टाकून देण्याचा प्रसंग आला की त्यास शारीरिक वेदनेसारखी वेदना होते. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) या अवस्थेस स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. त्यापूर्वीच्या आवृत्तीत ती अनिवार्यताग्रस्त व्यक्तिमत्त्वाचे केवळ एक लक्षण म्हणून नोंदलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आणि तेथेही या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘संचयविकार’ हा शब्द योजला आहे. ‘साठेबाजी’ म्हटले की आरोप येतो आणि ‘अडगळ’ म्हटले की दुःख नाहीसे होते, एवढेच त्याचे समर्थन.

वैद्यकशास्त्राने ही अवस्था अलीकडे ओळखली असली तरी साहित्याने ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पाहिली होती. मात्र पाहणे आणि समजून घेणे यांत अंतर असते. भारतीय रसविचाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर ढीग प्रथम जुगुप्सा उत्पन्न करतो आणि जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायीभाव आहे; शोकाकडे, म्हणजे करुणाकडे, जाण्याची वाट त्या ढिगामुळेच बंद होते. ढीग पाहणारा मागे सरतो आणि मागे सरलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत साधारणीकरण संभवत नाही. म्हणून संचयविकाराचे चित्रण करणाऱ्या लेखकापुढचा प्रश्न सौम्य सुराचा नसतो. साठवणाऱ्याच्या हातात वस्तू ज्या कारणाने आली ते कारण कलाकृती वाचकाला देते की नाही, यावर तेथील करुणेची सत्यता अवलंबून राहते. पुढील विवेचनात निकोलाय गोगोल, ई. एल. डॉक्टरो आणि मेझल्स बंधू यांच्या कृती या एका कसोटीवर तपासल्या आहेत. त्यांतही भर डॉक्टरोच्या कादंबरीवर आहे, कारण तिचे यश आणि तिची चूक या दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत.

प्ल्यूश्किनचे घर

गोगोलच्या ‘मृत आत्मे’ (१८४२) या कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात चिचिकोव्ह जमीनदार प्ल्यूश्किनच्या वाड्यावर येतो. समोर आलेली व्यक्ती पुरुष आहे की स्त्री हेच त्याला प्रथम कळत नाही. कमरेला किल्ल्या पाहून ती घरातील कारभारीण असावी असे तो समजतो. आतील खोलीत थांबलेले घड्याळ, सुकून सुपारीएवढे झालेले लिंबू, लाखेचा तुकडा, चिंध्या आणि कोपऱ्यात धुळीने एकजीव झालेला ढीग आहे. हजारावर कुळांचा हा मालक रस्त्याने चालताना जुना तळवा, खिळा, खापराचा तुकडा उचलून आणतो आणि त्याच वेळी त्याच्या कोठारांत धान्य कुजते, पीठ दगडासारखे होते, कापडाला हात लावताच त्याची भुकटी होते. संचयाच्या या विरोधाभासाचे इतके अचूक निरीक्षण त्यापूर्वीच्या वाङ्मयात क्वचितच आढळेल. वस्तू राखण्याच्या हव्यासातच वस्तूचा नाश होतो, ही गोष्ट आजचे चिकित्सक प्रत्येक घरात पाहतात.

परंतु गोगोलचे मोठेपण या वस्तुयादीत नाही. कादंबरीतील अन्य जमीनदार—मनीलोव्ह, कोरोबोच्का, नोझद्र्योव्ह, सोबाकेविच—जसे आहेत तसेच आपल्यासमोर उभे राहतात; त्यांच्या स्वभावामागील इतिहास सांगण्याची गरज लेखकाला वाटत नाही. प्ल्यूश्किनच्या बाबतीत मात्र तो कथा थांबवतो आणि मागे जातो. हा माणूस एके काळी नेटका, काटकसरी संसारी होता. शेजारी त्याच्याकडे व्यवहार शिकण्यासाठी आणि जेवण्यासाठी येत. मग पत्नी वारली. थोरली मुलगी लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून गेली. मुलगा बापाच्या इच्छेविरुद्ध पलटणीत शिरला. धाकटी मुलगी मरण पावली. घरातील माणसे एकेक करून कमी होत गेली आणि प्रत्येक रिकाम्या जागेबरोबर खिडक्या बंद होत गेल्या. गोगोल कार्यकारणाचा सिद्धान्त मांडत नाही, तो केवळ क्रम सांगतो; पण त्या क्रमातच वाचकाला कारण सापडते. मुलीने कधी काळी आणलेल्या ईस्टरच्या गोड पावाचा वाळलेला तुकडा प्ल्यूश्किन पाहुण्यासाठी काढावयास सांगतो, तेव्हा हसू येते. तो तुकडा त्याने का जपला असावा हे लक्षात आले की ते हसू घशात अडकते.

त्याच प्रकरणात एक क्षण येतो. शाळेतील जुन्या सोबत्याचे नाव निघताच प्ल्यूश्किनच्या लाकडी चेहऱ्यावर काहीतरी उजळते आणि विझते. बुडणारा माणूस एकदाच पाण्यावर यावा आणि काठावरच्या लोकांनी दोर टाकावा, पण तो पुन्हा वर येऊ नये, अशा आशयाची उपमा गोगोल येथे योजतो. दोर टाकणारे काठावर आहेत हे त्याने नाकारलेले नाही, हे विशेष. पुढील खंडात प्ल्यूश्किनला पुन्हा बोलते करण्याचा मनोदयही त्याने व्यक्त केला होता. ते घडले नाही. दुसऱ्या खंडाचे हस्तलिखित त्याने १८५२ मध्ये अग्नीच्या स्वाधीन केले. रशियन भाषेत आज संचयविकाराला ‘प्ल्यूश्किनचा सिंड्रोम’ असे सर्रास म्हटले जाते. एका लेखकाने दिलेले नाव रोगाला चिकटले, मात्र त्या नावामागील मेलेली धाकटी मुलगी बोलण्यातून गळून पडली.

डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’मधील (१८५२–५३) क्रूक हा चिंध्या-बाटल्यांचा दुकानदार येथे आठवतो. निरक्षर असूनही तो कागद साठवतो आणि शेवटी आपोआप पेट घेऊन मरतो. प्रतीक म्हणून क्रूक प्रभावी आहे. न्यायव्यवस्थेच्या कागदी ढिगाचे तो व्यंग्यचित्र आहे. परंतु प्रतीकाला दुःख होत नाही.

दोन भाऊ, एक घर

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि १२८ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर होमर आणि लँगली कॉलियर हे दोघे भाऊ राहत. वडील स्त्रीरोगतज्ज्ञ, आई संगीताची जाणकार. होमर कायद्याचा पदवीधर, लँगली पियानोवादक. आई १९२९ मध्ये वारल्यानंतर त्या प्रशस्त घरात दोघेच उरले. १९३३ मध्ये होमरची दृष्टी गेली आणि पुढे संधिवाताने त्याचे चालणेही थांबले. लँगलीने डॉक्टरांना बोलावले नाही. भावाला भरपूर संत्री खाऊ घातली म्हणजे दृष्टी परत येईल असा त्याचा विश्वास होता, म्हणून तो आठवड्याला शंभर संत्री त्यास देई. आणि तो वर्तमानपत्रे साठवू लागला. दृष्टी परत आली की मधल्या वर्षांत जगात काय घडले ते होमरला वाचता यावे, हे त्याने सांगितलेले कारण होते.

२१ मार्च १९४७ रोजी पोलीस त्या घरात शिरले तेव्हा होमर मृतावस्थेत आढळला. लँगलीचा शोध देशभर सुरू झाला. ८ एप्रिलला, अठरा दिवसांनी, तो त्याच घरात, होमरपासून सुमारे तीन मीटरवर सापडला. चोरांसाठी स्वतःच रचलेल्या सापळ्यात कागदांचा ढीग अंगावर कोसळून तो आधीच मेला होता. भावासाठी अन्न घेऊन तो त्या भुयारी वाटेने सरपटत चालला होता. त्याच्या मृत्यूनंतर अन्न देणारे कोणी उरले नाही, म्हणून अंध होमर उपाशी मेला. घरातून शंभराहून अधिक टन सामान बाहेर काढण्यात आले. त्यात चौदा पियानो होते, हजारो पुस्तके होती, फोर्ड मोटारीचा सांगाडाही होता. रस्त्यावर बघ्यांची गर्दी दिवसेंदिवस लोटत होती. न्यूयॉर्कचे अग्निशामक कर्मचारी सामानाने खच्चून भरलेल्या घराला आजही ‘कॉलियर मॅन्शन’ म्हणतात. रोगाला ज्याप्रमाणे प्ल्यूश्किनचे, त्याप्रमाणे घराला कॉलियरचे नाव मिळाले.

या घटनेवर मार्शिया डेव्हनपोर्टची ‘माय ब्रदर्स कीपर’ (१९५४) ही कादंबरी आणि रिचर्ड ग्रीनबर्गचे ‘द डॅझल’ (२००२) हे नाटक अशा कृती लिहिल्या गेल्या. डॉक्टरोची ‘होमर अँड लँगली’ (२००९) ही त्यांत सर्वाधिक वाचली गेलेली. ‘रॅगटाइम’च्या (१९७५) कर्त्याने इतिहासाशी मोकळीक घ्यावी यात नवल नाही. येथे भावांचे आयुष्य त्याने तीनचार दशकांनी लांबवले, घर सेंट्रल पार्कसमोर हलवले, आईवडिलांना १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मारले, लँगलीला पहिल्या महायुद्धातून विषारी वायूने पोळून परत आणले. होमरची अंधता त्याने तारुण्याच्या उंबरठ्यावर आणली आणि सर्व कथा त्याच्या तोंडून सांगितली.

हा शेवटचा निर्णय कादंबरीचे सर्वांत मोठे बळ होय. निवेदक आंधळा असल्याने वाचकाला ढीग दिसतच नाही. तो फक्त स्पर्शातून, आवाजातून, वासातून, अडखळण्यातून कळतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याची ठरलेली वाट एके दिवशी अरुंद झालेली असते. हात पसरला की ओळखीच्या भिंतीऐवजी कागदांची रास लागते. दृश्य नसेल तर जुगुप्सेला आधारच उरत नाही. ज्या घराकडे बघ्यांच्या गर्दीने बाहेरून पाहिले, त्याच घरात वाचक आतून चाचपडत चालतो आणि त्या चाचपडण्यात घराविषयी एक प्रकारची ओढ निर्माण होते. खिडक्यांवर दगड मारणाऱ्या पोरांचा आवाज आत बसून ऐकल्यावर कोण कोणाला त्रास देत आहे याविषयी वाचकाची समजूत बदलते. दृष्टी काढून घेऊन सहानुभूती देण्याची ही युक्ती विलक्षण आहे आणि डॉक्टरोने ती शेवटपर्यंत संयमाने वापरली आहे.

आता चुकीकडे वळणे भाग आहे. कादंबरीतील लँगली वर्तमानपत्रे साठवतो ते एका तत्त्वज्ञानापायी. जगात सर्व गोष्टींची जागा त्यांच्यासारख्याच दुसऱ्या गोष्टी घेतात, मुले आईबापांची, नवे खेळाडू जुन्या खेळाडूंची, असा त्याचा ‘बदलीचा सिद्धान्त’ आहे. घटनांचे प्रकार तेवढे मोजावेत आणि कायमचे ताजे राहील असे एकच वर्तमानपत्र तयार करावे, हा त्याचा आयुष्यभराचा प्रकल्प. कल्पना चमकदार आहे. तिच्यामुळे लँगलीचे वेड भव्य होते, अमेरिकन शतकावर भाष्य करण्यास समर्थ होते. पण प्रत्यक्ष लँगलीने सांगितलेले कारण कोणते होते? माझा भाऊ पुन्हा पाहू लागेल, तेव्हा त्याला वाचायला हवे. कागदाच्या त्या शेकडो गठ्ठ्यांमागे एका माणसाची दुसऱ्या माणसाविषयीची आशा होती. तिला आधार नसेल, ती आशा खुळीही असेल. पण ती आशा होती. डॉक्टरोने तिच्या जागी सिद्धान्त ठेवला. जे कारण मिळाले असते तर वाचकाला कोणत्याही तत्त्वज्ञानाविना लँगली समजला असता, नेमके तेच कारण कादंबरीने टाकून दिले. त्यामुळे लँगली थोर वाटतो, पण दुःखी वाटत नाही. वेड्याला ऋषी केल्याने त्याच्याविषयी आदर वाटू लागतो, तथापि आदर म्हणजे करुणा नव्हे, आणि पुष्कळदा तिची ती सोयीची बदली असते. बदलीच्या सिद्धान्ताची कादंबरी स्वतःच त्या सिद्धान्ताला बळी पडली आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्यक्षातील होमर हा त्या घराचा वासी होता, तसाच तो त्या घरात अडकलेलाही होता. आपली वाट बंद होत आहे हे त्यास दिसत नव्हते, चालता येत नव्हते आणि आणखी कोणाला बोलावण्याचे साधनही त्याच्याजवळ नव्हते. डॉक्टरोने त्याला कथनाचा अधिकार दिला, संगीत दिले, प्रेमप्रसंग दिले, ज्या फ्रेंच पत्रकार स्त्रीला उद्देशून तो लिहितो ती श्रोतीही दिली. या सर्व देणग्यांमुळे त्याच्या परावलंबनाची धार बोथट होते. तो कुरकुरतो, पण त्याला राग येत नाही. आपल्या वाट्याचा श्वास दुसऱ्याच्या ढिगाखाली गेला, ही जाणीव शेवटच्या पानांवर तेवढी उमटते, जेव्हा ऐकूही येईनासे झालेला होमर घर हादरल्याचे अनुभवतो आणि भाऊ कोठे आहे असे विचारतो. त्या प्रश्नाने कादंबरी संपते. अंधाराच्या आतून विचारलेल्या त्या प्रश्नात मात्र डॉक्टरो अचानक वस्तुस्थितीच्या अगदी जवळ येतो.

डायोजेनिसचे चुकीचे नाव

न्यूयॉर्कजवळच्या ईस्ट हॅम्प्टन येथे एडिथ बूव्हिए बील आणि तिची त्याच नावाची मुलगी यांचे घर १९७१ च्या सुमारास आरोग्य खात्याच्या धाडींमुळे बातमीत आले. जॅकलिन केनेडी ओनॅसिसची ही आत्या आणि आतेबहीण. म्हणून बातमी मोठी झाली. ओनॅसिस आणि तिच्या बहिणीने १९७२ मध्ये साफसफाईचा खर्च उचलला. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स यांनी याच घरात ‘ग्रे गार्डन्स’ (१९७५) हा माहितीपट चित्रित केला. दोन वृद्धत्वाकडे झुकलेल्या स्त्रिया, मांजरे, पोटमाळ्यावर येणारे आणि पावाचे तुकडे खाणारे रकून, भिंतीला टेकवलेले जुने तैलचित्र. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर तो या स्त्रियांच्या दैन्याचा बाजार मांडतो, अशी टीका झाली. ती पूर्णतः अनाठायी नव्हती. पण पडद्यावर मायलेकी जे बोलतात, भांडतात, गातात, ते ऐकताना एक गोष्ट लक्षात येते : घरातील प्रत्येक वस्तूविषयी त्यांना काहीतरी सांगावयाचे आहे आणि कॅमेरा ते ऐकून घेतो. छायाचित्रणकार आरशात दिसतात तेही झाकलेले नाही. पाहणारा कोण आहे हे तेथे लपत नाही, आणि ज्यांना पाहिले जाते त्याही त्याला प्रश्न विचारतात.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वृद्धांच्या अशा दुरवस्थेला ‘डायोजेनिस सिंड्रोम’ असे नाव देणारा लेख प्रसिद्ध झाला. हे नाव किती विपरीत आहे! ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिस पिंपात राहिला, पण त्याच्याजवळ काहीच नव्हते. मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने आपला एकुलता वाडगाही फेकून दिला, अशी आख्यायिका आहे. तो अपरिग्रहाचा टोकाचा उपासक होता. अपरिग्रहाला व्रत मानणाऱ्या भारतीय परंपरेच्या वाचकाला तर ही विसंगती तत्काळ खटकेल. रोग्याच्या घरातील अस्वच्छता तेवढी पाहून नाव दिले गेले. त्या घरात काय साठले आहे आणि का, हे पाहिलेच गेले नाही. शास्त्रालाही बीभत्साची भूल पडू शकते.

२००९ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘होर्डर्स’ आणि पुढील वर्षापासून ‘होर्डिंग : बरीड अलाइव्ह’ या मालिका सुरू झाल्या. त्यांचा साचा परिचित आहे : दारातून आत शिरणारा कॅमेरा, ठरलेली मुदत, दारात उभा राहिलेला कचऱ्याचा ट्रक, रडणारी मुलगी, शेवटी चकाकणारी फरशी. त्यांत खरे मानसतज्ज्ञ येतात, आणि त्या पाहून अनेक कुटुंबांना आपल्या घरातील अव्यक्त दुःखाला नाव मिळाले असेल हेही मान्य केले पाहिजे. परंतु मुदतीचे तंत्र कथेचे आहे, उपचाराचे नाही. घर रिकामे होणे हा या मालिकांचा परमोच्च बिंदू असतो. वस्तूच्या मालकासाठी तोच बहुधा सर्वांत भयंकर क्षण असतो. बळजबरीने रिकामी केलेली घरे पुन्हा भरतात, हा या क्षेत्रातील कार्यकर्त्यांचा जुना अनुभव आहे.

ढिगाच्या पलीकडून

रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी यांनी संचयविकाराचा शास्त्रीय अभ्यास १९९० च्या दशकात पायाशुद्ध केला. त्यांचे ‘स्टफ’ (२०१०) हे पुस्तक कॉलियर बंधूंच्या कथेने सुरू होते, ही बाब सूचक आहे. व्यक्तिचित्रांच्या रूपाने लिहिलेले हे पुस्तक वाङ्मयीन दृष्टीनेही लक्षणीय आहे, कारण त्यात रोगी वस्तूंविषयी जे बोलतात ते लेखक मध्येच तोडत नाहीत. एखादे जुने तिकीट टाकताना एक दिवसच नष्ट होईल असे वाटणे, वर्तमानपत्रात आपल्याला हवी असलेली माहिती निसटून जाईल ही भीती, वस्तू फेकणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे अशी भावना—ही कारणे ऐकताना ती पूर्णतः परकी वाटत नाहीत. ज्या घरात लग्नपत्रिका, औषधांच्या रिकाम्या डब्या आणि आजोबांचा चष्मा निघतो, त्या कोणत्याही मराठी घराला ती ओळखीची आहेत. फरक प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण वाढले की प्रकारही बदलतो.

डेव्हिड टोलिन यांच्यासह या दोघांनी लिहिलेल्या ‘बरीड इन ट्रेझर्स’ (२००७) या पुस्तकावरून साहाय्यगट उभे राहिले. त्यांचे वैशिष्ट्य असे की ते चालवणारे पुष्कळदा स्वतःच या विकाराशी झगडलेले लोक असतात. सॅन फ्रान्सिस्को परिसरात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात असे सहभोगी चालवत असलेले गट मानसशास्त्रज्ञांनी चालवलेल्या गटांपेक्षा परिणामात कमी पडले नाहीत. यामागील कारण साहित्याच्या अभ्यासकाला परके नाही. ज्याने स्वतः गठ्ठे बांधले आहेत त्याला दुसऱ्याच्या गठ्ठ्याची किळस येत नाही. तेथे साधारणीकरणासाठी कलावंताची मध्यस्थी लागत नाही. परवानगीशिवाय कोणाच्याही वस्तूला हात लावावयाचा नाही, हा उपचाराचा पहिला नियम आहे. ‘कचरा’ हा शब्द तेथे टाळला जातो. ही वस्तू तुमच्याकडे कशी आली, असे विचारले जाते आणि टाकावयाचे की ठेवावयाचे याचा निर्णय तिच्या मालकावर सोडला जातो. वेग फार मंद असतो. प्ल्यूश्किनच्या घरी एखाद्या पाहुण्याने त्या वाळलेल्या पावाविषयी हाच प्रश्न विचारला असता, तर त्याला मुलीचे नाव ऐकावयास मिळाले असते. पण चिचिकोव्ह मेलेल्या कुळांच्या खरेदीसाठी आला होता आणि त्याला घाई होती.

तथापि साठवणाऱ्याचे ऐकून घेण्याच्या या शिस्तीत एक आवाज मागे राहू शकतो. तो होमरचा होय : जो साठवत नाही, पण त्या घरात राहतो. अलीकडच्या आत्मकथनांनी ती जागा घेतली आहे. जेसी शॉल यांचे ‘डर्टी सीक्रेट’ (२०१०) आईविषयी आहे. किंबर्ली रे मिलर यांचे ‘कमिंग क्लीन’ (२०१३) कागदांत बुडालेल्या वडिलांच्या आणि आईच्या घरात वाढलेल्या मुलीने लिहिले आहे. वाङ्मयीन दृष्ट्या ही पुस्तके डॉक्टरोच्या पासंगालाही पुरणार नाहीत. भाषा सरळ, रचना साधी, काही ठिकाणी पसरट. पण डॉक्टरोने जे टाळले ते त्यांत आहे. शाळेतील मैत्रिणीला घरी कधीच बोलावता न येणे, दारावरची घंटा वाजली की श्वास रोखून बसणे, हे मिलर लिहितात. आणि त्याच पानांवर आपले वडील किती हळुवार होते हेही लिहितात. ती दोन वाक्ये एकमेकींना खोडत नाहीत. लाज आणि प्रेम यांना त्या एकाच छताखाली राहू देतात, आणि प्रौढपणीही आईवडिलांचे घर पुन्हा पुन्हा साफ करावयास जातात, ते पुन्हा भरणार हे ठाऊक असून.

कॉलियर बंधूंचे घर १९४७ मध्येच पाडण्यात आले. त्या कोपऱ्यावर आज त्यांच्या नावाचे एक चिमुकले उद्यान आहे. लँगलीने भावासाठी जपलेली वर्तमानपत्रे त्याआधीच ट्रकांतून निघून गेली होती.